रोजच्या वाटेसाठी हायब्रिड सायकल : काय पाहावे, काय टाळावे

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या परिचयाचे एक गृहस्थ भेटीस आले. वय बावन्न, नोकरी मुंबईत, घर वसईच्या पश्चिमेस, रेल्वे स्थानकापासून सुमारे साडेचार किलोमीटर अंतरावर. सकाळी रिक्षाची वाट पाहण्यात पंधरा-वीस मिनिटे जातात, संध्याकाळी परतताना पुन्हा तीच रांग. त्यात डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखवून रोज काहीतरी व्यायाम करा, असे बजावलेले. गृहस्थांनी यावर आपल्यापुरता उपाय शोधला होता. मुलासाठी चार वर्षांपूर्वी घेतलेली, जाडजूड टायरांची, पुढे-मागे स्प्रिंगा असलेली एक सायकल ओटीवर धूळ खात पडली होती. ती त्यांनी पुसून रस्त्यावर काढली आणि नऊ दिवस सायकलने स्थानक गाठले. दहाव्या दिवशी गुडघे बोलू लागले, करंगळीला मुंग्या येऊ लागल्या आणि सायकल पुन्हा ओटीवर गेली. "फादर, सायकल आता आपल्या वयाला झेपत नाही, हेच खरे," असे म्हणून ते उठू लागले.

आम्ही त्यांना बसवून घेतले, कारण दोष त्यांच्या वयाचा नव्हता. त्यांनी जी सायकल वापरली ती डोंगराच्या पायवाटांसाठी बनवलेल्या सायकलींची स्वस्त नक्कल होती. वजन सतरा-अठरा किलोच्या घरात. टायरवर नांगरटीसारखे खाचखळगे, जे मातीत पकड देतात, परंतु डांबरी रस्त्यावर केवळ घरघर आणि ओढ निर्माण करतात. पायडल मारताना प्रत्येक वेळी सायकल स्प्रिंगांवर खाली-वर होते आणि पायांतील शक्तीचा काही भाग तेथेच जिरतो. शिवाय दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून त्यांनी सीट अगदी खाली घेतलेली होती. अशा सायकलवर पंचविशीतला तरुणही आठवड्याभरात कुरकुरला असता.

असेच अनेक घरांत घडत असावे, असे आम्हांला वाटते. सायकल घेतली जाते, चार दिवस चालवली जाते आणि मग तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले जातात. घरच्या माणसाने हौस केली, पैसे वाया गेले, अशी बोलणीही होतात. म्हणून शहरात रोज पाच-दहा किलोमीटर जाण्या-येण्यासाठी कोणती सायकल योग्य, याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचे आम्ही ठरविले.

आमच्या पिढीला सायकलीची ओळख झाली ती काळ्या, उंच, दांड्याच्या सायकलीने. पुण्यात शिक्षण घेत असताना आम्हीही तीच वापरली. त्या काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर घंट्यांचा किणकिणाट ऐकू येत असे. पुढे त्याच रस्त्यांवर मोटारसायकली आणि स्कूटर आल्या. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने शहरासाठी सायकल आराखडाही मंजूर केला, परंतु आराखडा कागदावर उतरणे आणि माणूस सायकलवर बसणे यांत बरेच अंतर असते. असो. ती काळी सायकल दणकट होती. तिच्यावर दुधाचे कॅन जात, भाजीच्या पाट्या जात, पुढे दांड्यावर मूल आणि मागे कॅरियरवर त्याची आई बसे. पण ती वीस किलोंहून अधिक वजनाची, एकाच गिअरची आणि लोखंडी सळ्यांच्या ब्रेकची होती. पुलाचा चढ आला की उतरून ढकलावी लागे. पावसात ब्रेक दाबावा आणि देवाचे नाव घ्यावे, अशी स्थिती असे.

दुसऱ्या टोकाला शर्यतीची सायकल. वजन जेमतेम आठ-नऊ किलो, टायर बोटाएवढे, हँडल बोकडाच्या शिंगांसारखे खाली वळलेले. चालवणारा कमरेतून वाकलेला असतो, त्यामुळे वारा कमी अडतो आणि वेग वाढतो. परंतु खड्डे, गतिरोधक आणि अचानक आडवी येणारी रिक्षा असलेल्या रस्त्यावर मान वर करून पाहणे तिच्यावर कष्टाचे होते.

हायब्रिड सायकल या सर्वांच्या मधली. हायब्रिड हा शब्द आमच्या शेतकरी वाचकांना नवा नाही. हायब्रिड ज्वारी, हायब्रिड टोमॅटो यांच्या चवीवरून घराघरांत वाद झालेले आहेत, आणि हायब्रिड म्हटले की काहीतरी मिळमिळीत, असा समज आपल्याकडे रूढ आहे. सायकलीच्या बाबतीत तो लागू पडत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यातील काही तरुणांनी डोंगर उतरण्यासाठी जुन्या दणकट सायकलींत बदल करून पाहिले आणि त्यातून माउंटन बाइक जन्मास आली. पुढील दहा वर्षांत ती जगभर खपली. मात्र ती घेणारे बहुसंख्य लोक कधी डोंगरावर गेलेच नाहीत. ते तिच्यावरून कचेरीत आणि बाजारात जात राहिले. त्यांना तिचे सरळ हँडल, ताठ बसणे आणि अनेक गिअर आवडले होते, जाड टायर नव्हे. तेव्हा १९९० च्या आसपास कारखानदारांनी माउंटन बाइकचे हँडल व बैठक आणि शर्यतीच्या सायकलीचे मोठे, हलके चाक यांचा संयोग करून नवा प्रकार बाजारात आणला. तीच हायब्रिड. ओळखण्याची खूण सोपी आहे: सरळ हँडल, मोठी चाके, मध्यम जाडीचे आणि जवळजवळ गुळगुळीत टायर, आणि सुमारे अकरा ते चौदा किलो वजन.

चाके आणि टायर

सायकल विकत घेताना ग्राहक रंग पाहतो आणि गिअर मोजतो. टायरकडे क्वचितच लक्ष देतो. वास्तविक रस्ता आणि आपण यांच्यामध्ये टायरखेरीज काही नसते. हायब्रिडचा टायर साधारणपणे ३२ ते ४२ मिलिमीटर रुंद असतो. शर्यतीच्या सायकलीचा २५ ते २८ मिलिमीटरचा, तर माउंटन बाइकचा ५० मिलिमीटरच्या वर. आमच्या मते आपल्याकडील रस्त्यांसाठी ३८ ते ४० मिलिमीटर रुंदी उत्तम. एवढ्या टायरमध्ये पुरेशी हवा मावते, लहान खड्ड्यांचे धक्के ती हवाच सोसते आणि सायकल जडही होत नाही. टायरच्या बाजूला कमाल हवेचा आकडा छापलेला असतो. तो कमाल आहे, शिफारस नव्हे. सत्तर किलोच्या माणसाने अशा टायरमध्ये ५० ते ६० पीएसआय हवा ठेवावी, मागे किंचित अधिक. हवा फार कमी झाली तर खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडेवर चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. पंक्चरवाला अशी दोन भोके दाखवील तेव्हा खिळ्याला दोष न देता हवा भरण्याच्या आळसाला द्यावा.

येथे एक व्यावहारिक अडचण सांगणे आवश्यक आहे. काळ्या सायकलीच्या टायरला आपण अठ्ठावीस इंची म्हणतो आणि हायब्रिडच्या चाकालाही दुकानदार कधीकधी अठ्ठावीस इंचीच म्हणतो. परंतु ही दोन चाके निराळी आहेत. टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास काळ्या सायकलीत ६३५ मिलिमीटर असतो, हायब्रिडमध्ये ६२२ मिलिमीटर. या तेरा मिलिमीटरच्या फरकामुळे एकीचा टायर दुसरीला बसत नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत "४०-६२२" अशासारखे आकडे असतात. ते लिहून घेऊन दुकानात जावे, म्हणजे फेरा वाचतो. तसेच हवा भरण्याचा व्हॉल्व्ह मोटारीच्या टायरसारखा जाड आहे की बारीक, डोक्याला छोटा स्क्रू असलेला, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. जाड व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरच्या टपरीवर हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हला एक छोटी पितळी टोपी जोडावी लागते. ती स्वस्त मिळते, पण नेमकी हवी तेव्हा खिशात नसते.

एकवीस गिअर म्हणजे एकवीस नव्हेत

दुकानात सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा गिअरांचा असतो. पुढे तीन चकत्या, मागे सात. तीन साते एकवीस. गणित बरोबर, अर्थ चुकीचा. यांतले कितीतरी गिअर एकमेकांची पुनरावृत्ती असतात. शिवाय पुढची सर्वांत मोठी चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती एकाच वेळी वापरली तर साखळी तिरपी ताणली जाते, करकरते आणि लवकर झिजते. प्रत्यक्षात उपयोगी असे दहा-बारा गिअर उरतात. शहरासाठी तेवढेही अधिकच. आता पुढे एक किंवा दोनच चकत्या असलेल्या हायब्रिड सायकली मिळतात. त्यांना कमी गिअर आहेत म्हणून कमी प्रतीच्या समजू नयेत.

गिअर म्हणजे काय, हे समजण्यासाठी दाते मोजावेत. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, गुणिले चाकाचा परीघ, म्हणजे पायडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळते. काळ्या सायकलीत पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर प्रत्येक फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाट रस्ता असो, समोरून वारा असो की उड्डाणपुलाचा चढ असो, साडेपाच मीटर म्हणजे साडेपाच मीटर. म्हणूनच चढावर आपण उभे राहून पायडल मारत असू. हायब्रिडमध्ये पुढे २८ आणि मागेही २८ असा गिअर घेतला, तर एका फेरीत सायकल सव्वादोन मीटरही पुढे जात नाही. पाय भराभर फिरतात, पण जोर लागत नाही, आणि बावन्न वर्षांचा माणूस न उतरता पूल चढतो. उलट पुढे ४८ आणि मागे १४ घेतले तर एका फेरीत साडेसात मीटर. तो गिअर उतारासाठी ठेवावा.

नवशिक्यांची हमखास चूक अशी की, जड गिअर म्हणजे जास्त वेग आणि जास्त व्यायाम, असे समजून ते सावकाश, जोर लावून पायडल मारतात. त्यात गुडघ्याच्या सांध्यावर नाहक ताण येतो. मिनिटाला साठ ते ऐंशी फेऱ्या होतील असा हलका गिअर निवडावा. पुढे ३८, मागे २० दाते आणि मिनिटाला सत्तर फेऱ्या घेतल्या, तर ताशी सुमारे सतरा किलोमीटर वेग येतो. गर्दीच्या रस्त्यावर थांबत-थांबत गेल्यास तो बारा-पंधरावर येईल. म्हणजे साडेचार किलोमीटरला वीस मिनिटे. आमच्या गृहस्थांना रिक्षाची नुसती वाट पाहण्यातच तेवढा वेळ जात होता. आणखी एक सवय लावून घ्यावी: सिग्नलपाशी थांबण्यापूर्वीच गिअर हलका करावा. साखळीवरील गिअर पायडल फिरत असतानाच बदलतात. थांबल्यावर खटके दाबून उपयोग होत नाही.

बसावे कसे

गृहस्थांच्या गुडघ्यांचे दुखणे मुख्यतः सीटच्या उंचीचे होते. सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेरीत फार वाकतो आणि वाकलेल्या गुडघ्यानेच सगळा जोर लावावा लागतो. योग्य उंची ठरविण्याची रीत सोपी आहे. भिंतीला हात टेकून सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे, मात्र कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग प्रत्यक्ष चालवताना चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला हलकासा बाक राहतो. तोच हवा. या उंचीवर बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत, याची पुष्कळांना भीती वाटते. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकावेत. दोन दिवसांत सवय होते. अशा वेळी दांडा आणि शरीर यांमध्ये दोन-तीन बोटे तरी मोकळी जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर ती फ्रेम आपल्या मापाची नाही, मग दुकानदार कितीही सवलत देवो. सायकलीला कपड्यांसारखीच मापे असतात, हे अनेकांना ठाऊकच नसते. "मुलगा वाढेल," म्हणून मोठे माप घेणे शर्टाच्या बाबतीत ठीक. सायकलीच्या बाबतीत ते धोक्याचे.

करंगळीला मुंग्या येण्याचे कारण हातांवर पडणारा भार. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने एक शीर जाते. मनगट वाकवून तळहातावर वजन टाकले की ती दाबली जाते. हायब्रिडमध्ये हँडल साधारणपणे सीटच्या पातळीवर किंवा थोडे वर असते. पाठ किंचित पुढे झुकते, भार सीट, पाय आणि हात यांत वाटला जातो आणि मान न ताणता समोरचा रस्ता दिसतो. हँडलची मूठ तळहाताला आधार देणारी, थोडी चपटी मिळाली तर अधिक बरे. ज्यांची पाठ आधीच दुखते त्यांनी हँडल वर-खाली करता येते की नाही, ते विचारून घ्यावे.

सीटविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. दुकानात बोटाने दाबून जी सर्वांत मऊ लागते ती लोक निवडतात. मऊ गादीत बसकण रुतते आणि जेथे दाब नको तेथे तो येतो. वीस मिनिटांसाठी कोणतीही चालेल, परंतु तासभर बसायचे असेल तर बेताच्या कडक आणि आपल्या बसकणीच्या हाडांना पुरेल एवढ्या रुंद सीटवरच सुख लाभते.

ब्रेक, पाऊस आणि झगा

आम्ही स्वतः एकदा पहिल्या पावसात घसरलो आहोत. काळ्या सायकलीची रिम लोखंडी, क्रोम चढविलेली. ओली झाली की रबर तिच्यावर नुसते सरकते आणि थांबण्याचे अंतर कितीतरी वाढते. त्या दिवशी समोर म्हैस होती. म्हैस हलली नाही. आम्ही गटारात गेलो. हायब्रिडला ॲल्युमिनियमच्या रिम असतात आणि त्यांवर रबरी ब्रेक पावसातही बऱ्यापैकी धरतात. चाकाच्या मध्यावर डिस्क असलेले ब्रेक त्याहून चांगले, कारण रस्त्यावरचा चिखल तेथवर कमी पोहोचतो आणि रिम झिजत नाही. डिस्कमध्ये तारेने चालणारे आणि तेलाच्या दाबाने चालणारे असे दोन प्रकार आहेत. तेलाचे हलक्या बोटाने लागतात, पण बिघडल्यास जाणकार कारागीर शोधावा लागतो. तारेचे ब्रेक साध्या दुकानातही दुरुस्त होतात. कोकणपट्टीतील वाचकांना आम्ही तारेचे डिस्क ब्रेक सुचवू. बजेट कमी असेल तर रिमवरचे चांगले व्ही-ब्रेकही पुरेत. १९४९ साली पोप पायस बारावे यांनी इटलीतील गिसाल्लोच्या मातेस सायकलस्वारांची आश्रयदात्री घोषित केले. तिची कृपा असू द्यावी, पण ब्रेकचे रबर दर दोन महिन्यांनी आपणच पाहावे.

पुढच्या चिमट्याला स्प्रिंग हवी का, असा प्रश्न नेहमी येतो. आमचे उत्तर नाही असे आहे. स्वस्त स्प्रिंगचा चिमटा साध्या चिमट्यापेक्षा किलोभर तरी जड असतो, दोन पावसाळ्यांत गंजून अडकतो आणि मग तो केवळ जड चिमटा उरतो. चाळीस मिलिमीटरचा टायर तेच काम फुकट करतो.

हायब्रिड सायकलीतील आम्हांला न पटणारी गोष्ट अशी की, ती पुष्कळदा उघडीबोडकी विकली जाते. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. परदेशी छायाचित्रांत अशी सायकल रुबाबदार दिसते. आपल्याकडे जून महिन्यात ती पाठीवर मानेपासून कंबरेपर्यंत चिखलाची रेघ ओढते. म्हणून खरेदीपूर्वी फ्रेमवर आणि चिमट्यावर मडगार्ड व कॅरियर कसण्यासाठी स्क्रूची भोके आहेत का, ते पाहावे. नसतील तर ती सायकल रोजच्या वापराची नव्हे, असे समजावे. कॅरियर हवाच. पाठीवर पिशवी घेऊन दमट हवेत वीस मिनिटे सायकल चालविली की सदऱ्याची पाठ चिंब होते. तीच पिशवी कॅरियरच्या बाजूला लटकवली की वारा लागतो आणि माणूस कचेरीत बसण्याजोगा पोहोचतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, दोन्ही चांगल्या प्रकाशाचे, हे हौसेचे सामान नसून जिवाचे सामान आहे. विशेषतः हिवाळ्यात संध्याकाळी परतणाऱ्यांनी त्यात काटकसर करू नये.

साखळीवर झाकण असावे, याबाबत आमचा आग्रह अनुभवातून आलेला आहे. एकदा घाईने आजाऱ्याच्या भेटीस निघालो असताना झग्याचा घेर साखळीत गेला. रुग्णाकडे पोहोचलो तेव्हा पांढऱ्या झग्यावर ग्रीसच्या दात्यांची ओळ उमटलेली होती आणि आजारी आजीबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. साडी नेसणाऱ्या भगिनींना आणि ज्यांना पाय उंच उचलून दांड्यावरून टाकणे कठीण जाते अशा ज्येष्ठांना, खाली उतरत्या नळीची फ्रेम सोयीची. तिला लेडीज सायकल म्हणून पुरुषांनी नाक मुरडू नये. कॅरियरवर सामान असताना ती सर्वांनाच बरी पडते.

स्थानकाबाहेर उभी करताना

येथे एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. स्थानकाबाहेरच्या वाहनतळावर सायकली एकमेकींना चिकटून उभ्या असतात. एक पडली की दहा पडतात. हायब्रिडच्या मागच्या चाकापाशी उजव्या बाजूस गिअर बदलणारी यंत्रणा लोंबत असते आणि ती ज्या छोट्या पट्टीवर टांगलेली असते ती सहज वाकते. वाकल्यावर गिअर अडखळतात, आणि सर्वांत हलका गिअर टाकल्यावर यंत्रणा चाकाच्या आऱ्यांत शिरून मोठे नुकसान होऊ शकते. यास्तव सायकल शक्यतो रांगेच्या टोकाला, गिअरची बाजू भिंतीकडे करून, पण भिंतीवर न रेलता उभी करावी. ती कधी उजवीकडे पडल्यास गिअर वापरण्यापूर्वी मागून एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे: लोंबती यंत्रणा चाकाला समांतर दिसली पाहिजे. चाके एका झटक्यात निघणाऱ्या खटक्यांची असतील तर ते बदलून साधे नट लावून घ्यावेत, नाहीतर संध्याकाळी कुलपासह चाक उरेल आणि सायकल नसेल. कुलूप फ्रेम आणि मागचे चाक दोन्हींतून ओवावे.

किमतीविषयी. बऱ्या नावाची साधी हायब्रिड पंधरा-वीस हजारांपासून मिळते. पुढे पन्नास हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जाता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला आहे, हे बिल पाहताना ध्यानात असू द्यावे. मडगार्ड, कॅरियर, दिवे, कुलूप, पंप यांसाठी दोन-तीन हजार वेगळे ठेवावेत. ॲल्युमिनियमची फ्रेम हलकी व न गंजणारी, लोखंडी थोडी जड पण वेल्डिंग करता येण्याजोगी. रोजच्या वापरात हा फरक लोक समजतात तेवढा मोठा नाही. शंभर ग्रॅम वजन वाचविण्यासाठी पाच हजार रुपये देणे तर सर्वस्वी व्यर्थ. जुनी सायकल मिळाली आणि माप बरोबर असले, तर ती अवश्य घ्यावी.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साखळी लवकर तांबूस पडते. पावसात भिजून आल्यावर साखळी जुन्या फडक्याने पुसावी आणि आठवड्यातून एकदा सायकलीचेच तेल थेंब-थेंब सोडून वरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. मोटारीचे काळे, वापरलेले तेल घालण्याची आपल्याकडे रूढी आहे. त्यातील बारीक कीस साखळी खातो.

आमच्या गृहस्थांनी दोन रविवार दुकाने पालथी घातली. पहिल्या दुकानात त्यांना पुन्हा स्प्रिंगवाली जाडी सायकल दाखवण्यात आली. दुसऱ्यात त्यांच्या मापाची, साध्या चिमट्याची, अडतीस मिलिमीटर टायरांची हायब्रिड मिळाली. मडगार्ड आणि कॅरियर त्यांनी तेथेच बसवून घेतले. नव्या सायकलीच्या तारा पहिल्या महिन्यात थोड्या सैलावतात आणि आरेही बसतात, त्यामुळे महिन्याभराने ब्रेक, गिअर व चाके एकदा कसून घ्यावी लागतात. पुष्कळ दुकाने ही पहिली सर्व्हिस विनामूल्य करून देतात, मात्र ग्राहक जातच नाहीत. गृहस्थ गेले. मुलाची जुनी सायकल आता ओटीवर नाही. ती त्यांनी भाच्याला दिली, आणि देण्यापूर्वी टाच पायडलवर ठेवायला लावून तिची सीट त्याच्या मापाने वर करून दिली.